ऑनलाइन दुकान आणि त्यास माल पुरविणारे शेतकरी

आपल्या खानदेशांत शेतमालाचें ऑनलाइन दुकान ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि कांहीं होतकरू तरुण तुरीची डाळ, हळद, केळ्याचे वेफर, उडदाचे पापड असा माल मोबाइलच्या द्वारें मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांस विकूं लागले आहेत. उत्पादक कंपनीस कायद्याची मान्यता २००३ सालापासून आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना काढली, आणि २०२१ सालीं सरकारच्या पुढाकारानें ओएनडीसी हें खुलें जाळें स्थापन झाल्यामुळें लहान संस्थेसही मोठ्या व्यापाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची वाट मोकळी झाली.

दुकान कसें मांडावें, छायाचित्रें कशीं काढावीं, गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यावे, हें शिकविणारे पुष्कळ आहेत. परंतु दुकानास माल देणारा शेतकरी कसा निवडावा, त्याची नोंद कशी करावी, करारांत काय लिहावें आणि जडलेला संबंध वर्षानुवर्षें कसा टिकवावा, ह्या विषयाकडे लक्ष थोडें दिलें जातें. वाचकांपैकीं कांहीं जण अशा संस्थेचे संचालक असतील. पुष्कळ जण तिला माल घालणारे असतील. दोघांसही उपयोगीं पडावें ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे. त्याचें सार इतकेंच कीं, माल येण्यापूर्वीं नोंद पुरी व्हावी आणि माल आल्यावर ठरल्या तारखेस पैसा पोंचावा. बाकीच्या साऱ्या गोष्टी ह्या दोहोंच्या पोटांत येतात.

हाताची पारख व कागदाची पारख

बोदवडच्या बाजार समितींत तूर नेली म्हणजे व्यापारी ढिगांत हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखालीं फोडून ओल पाहतो आणि मग बोली बोलतो. माल, घेणारा व देणारा तिघेही एकाच ठिकाणीं असतात. ऑनलाइन दुकानाच्या गिऱ्हाइकास ह्यांतलें कांहींच करितां येत नाहीं. तें दूर घरीं बसून केवळ दुकानाच्या शब्दावर पैसे मोजतें. सबब जें काम बाजारांत हात करितो तें येथें कागदानें करावें लागतें.

ही गोष्ट आपल्या प्रांतास नवी नाहीं. विलायतेच्या गिरण्यांस जाणाऱ्या कापसांत भेसळ होते अशी ओरड झाल्यावरून मुंबई सरकारनें १८६३ सालीं कापसांतील लबाडी रोखण्याचा कायदा केला. पुढें १९२३ च्या कायद्यानें हलक्या जातीचा परका कापूस चांगल्या कापसाच्या मुलुखांत आणण्यावर निर्बंध आले. १९२५ च्या कायद्यानें तर जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतून निघणाऱ्या प्रत्येक गांठीवर कारखान्याची खूण व अनुक्रमांक घालणें भाग पडलें. ह्या शेवटल्या तरतुदीचें मर्म ध्यानांत घ्यावें. गांठ दूरच्या गिरणींत फुटून आंत कवडी कापूस किंवा ओल निघाली, तर ती कोणत्या प्रेसमधून आली हें क्रमांकावरून कळूं लागलें. तोंवर दोष एकाचा आणि बदनामी साऱ्या मुलुखाची असा प्रकार होता. ऑनलाइन दुकानाच्या पाकिटावरचा बॅच क्रमांक हा त्या गांठीवरील क्रमांकाचाच नातू होय.

नाशिकच्या द्राक्षांचा धडा

अलीकडचें उदाहरण नाशिककडील द्राक्षांचें आहे. युरोपास जाणाऱ्या द्राक्षांसाठीं अपेडा ह्या केंद्रीय संस्थेनें २००६ सालापासून ‘ग्रेपनेट’ नांवाची नोंदणी चालू केली. तींत नुसत्या शेतकऱ्याची नव्हे, तर बागेच्या एकेका तुकड्याची नोंद होते, तोडणीपूर्वीं नमुना प्रयोगशाळेंत जातो, आणि पेटीवरील क्रमांकावरून मागें मागें जात मूळ बागेपर्यंत पोंचतां येतें. इतकी व्यवस्था असूनही २०१० सालीं क्लोरमेक्वाट ह्या वाढरोधक औषधाचे अंश युरोपांत आढळले, पुष्कळ माल नाकारला गेला आणि बागाईतदार व निर्यातदार ह्यांस जबर खोट आली. कारण असें कीं, तपासावयाच्या द्रव्यांच्या येथील यादींत तें नांवच तेव्हां नव्हतें. नोंद ठेवणें पुरेसें नाहीं; घेणारा काय विचारणार आहे तें आधीं जाणून नोंदींत तो रकाना असला पाहिजे, असा ह्या प्रसंगाचा बोध आहे.

त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यांतील मोहाडी येथें श्री. विलास शिंदे ह्यांच्या पुढाकारानें सह्याद्री फार्म्स ही उत्पादक कंपनी उभी राहिली. आरंभ द्राक्षांपासून झाला आणि पुढें इतर फळें व भाज्या आल्या. २०२० सालच्या टाळेबंदींत बाजार बंद पडले असतां ह्या कंपनीनें फळांच्या व भाज्यांच्या टोपल्या शहरांतील घरोघरीं पोंचत्या केल्या. तें काम एका आठवड्यांत सुचून झालें असें कोणीं समजूं नये. कोणाच्या शेतांत कोणता माल केव्हां निघणार ह्याची नोंद, निवडीचें गोदाम आणि शेतकऱ्यांचा विश्वास हीं तिन्ही आधींपासून तयार होतीं. दुकानाचा दरवाजा तेवढा नवा उघडला.

आपल्याच जिल्ह्यांत जळगांवच्या जैन कंपनीनें पांढऱ्या कांद्याची करारशेती चालविली. वाळविण्यास योग्य अशा वाणाचें बीं द्यावें, पिकाच्या काळांत सल्ला देणारा माणूस बांधावर जावा आणि किमान भावाची हमी असावी, अशी तिची रीत. कांद्याचा बाजार किती चंचल असतो हें आपण जाणतोंच. अशा पिकांत शेतकरी बांधला राहतो तो नुसत्या कागदानें नव्हे, तर लागवडीच्या वेळीं मिळालेल्या मदतीनें व पडत्या बाजारांत पाळलेल्या शब्दानें.

नोंद कशी करावी

नवा शेतकरी घेतांना पुढील क्रम ठेवावा.

प्रथम जमिनीची ओळख. नांव, गांव, गट क्रमांक, क्षेत्र, सात-बाराचा उतारा आणि चालू हंगामाची पीकपाहणी. २०२१ सालापासून शेतकरी स्वतःच मोबाइलवरून ई-पीक पाहणी नोंदवितो; ती नोंद दुकानाच्या वहीशीं ताडून पाहावी. एक एकर तूर नोंदविलेला मनुष्य वीस क्विंटल घालूं लागला तर उरलेला माल कोणाचा, हें विचारणें दुकानाचें कर्तव्य आहे. जमीन सामाईक असेल तर पैसे कोणाच्या खात्यांत जावे ह्याविषयीं सर्व हिस्सेदारांची लेखी संमति आधींच घ्यावी. महसूल खात्यांत ज्यानें फेरफाराचे तंटे पाहिले आहेत त्यास ह्याचें कारण निराळें सांगावयास नको.

दुसरें, मालाची ओळख. वाण, पेरणीची तारीख, खतें व फवारण्या, काढणीचा अदमास आणि किती क्विंटल कोणत्या महिन्यांत देतां येतील हा अंदाज. अंदाज शेतकऱ्यानें स्वतः सांगावा आणि पीक फुलोऱ्यास आल्यावर एकदां दुरुस्त करावा. पावसानें दगा दिला तर आंकडा कमी करण्यांत कमीपणा नाहीं. आपला तालुका बहुतेक जिरायत आहे आणि दुकानानेंही हें समजून चालावें.

तिसरें, परवान्यांची ओळख. आपल्या शेतांतील माल नैसर्गिक स्थितींत शेतकऱ्याच्या हातीं आहे तोंवर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी त्यास लागत नाहीं. परंतु तुरीची डाळ केली, मिरचीचें तिखट केलें, केळ्याचे वेफर तळले, कीं करणाऱ्यास नोंदणी किंवा परवाना लागतो. पापड लाटणाऱ्या भगिनींच्या गटाकडूनही त्याची नक्कल घेतलीच पाहिजे. स्वतःच्या शेतांत पिकविलेला माल विकण्यापुरती शेतकऱ्यास जीएसटीची नोंदणी लागत नाहीं. मात्र दुकान चालविणाऱ्या संस्थेनें आपली बाजू जाणत्या हिशेबनिसाकडून तपासून घ्यावी. जळगांवचें केळें व जळगांवचें भरिताचें वांगें ह्यांस २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली आहे. तें नांव लावून विकावयाचें असल्यास शेतकऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून झालेली नोंद पाहावी. परजिल्ह्याचा माल ह्या नांवानें खपविणें हें कायद्यानें व नीतीनेंही वावगें होय.

चौथें, नमुना. दोन किलो माल समक्ष घेऊन त्याचे दोन भाग करावे, दोहोंवर दोघांच्या सह्या घ्याव्या, एक दुकानांत व एक शेतकऱ्याकडे ठेवावा. पुढें वाद निघाल्यास हा नमुना पंचासारखा उपयोगीं पडतो.

पांचवें, पहिला व्यवहार लहान करावा. पंचवीस क्विंटल देण्याची ऐपत असली तरी पहिल्या खेपेस दोन क्विंटल घ्यावे. माल, बारदान, वेळ आणि हिशेब ह्या चारही गोष्टींत दोन्ही पक्ष एकमेकांस पारखतात, आणि बिघडलें तर थोडक्यांत निभावतें.

एवढें झाल्यावर शेतकऱ्यास एक क्रमांक द्यावा. तोच त्याच्या पोत्यावर, दुकानाच्या वहींत आणि अखेर पाकिटाच्या बॅच क्रमांकांत यावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें गिऱ्हाइकाच्या तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी लागते व महिन्याच्या आंत तिचा निकाल लावावा लागतो. क्रमांक नसेल तर डाळींत खडा कोणाच्या पोत्यांतून आला हें शोधण्यांतच तो महिना जाईल.

करारांत काय लिहावें

करार मराठींत, एका पानाचा आणि घरच्या माणसांनीं वाचून समजेल असा असावा. त्यांत पुढील बाबी स्पष्ट असाव्या.

माल विकत घेतला कीं विक्रीस ठेवला? हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक तंट्यांचें मूळ येथेंच असतें. विकत घेतला असेल तर स्वीकारल्यानंतर कीड, घट व न खपणें ह्यांची जोखीम दुकानाची. विक्रीस ठेवला असेल तर विकेपर्यंत माल शेतकऱ्याचा आणि जोखीमही त्याचीच; मग भावही त्या मानानें अधिक मिळाला पाहिजे. नफा होतांना पहिली रीत आणि तोटा होतांना दुसरी, असें दुकानानें कदापि करूं नये.

प्रतीचें माप. ‘चांगला माल’ हे शब्द करारांत निरर्थक आहेत. हमीभावाच्या सरकारी खरेदींत तुरीची ओल जास्तीत जास्त १२ टक्के धरतात. असा आंकडा लिहावा आणि ओल मोजण्याचें यंत्र शेतकऱ्याच्या समोर लावावें. काडीकचरा, फुटके दाणे, किडके दाणे ह्यांची मर्यादाही लिहावी.

भाव. शेतकरी व दुकान ह्यांची फारकत बहुधा भाव चढल्यावर होते. जूनमध्यें एकच भाव बांधून घेतला आणि फेब्रुवारींत बाजार वर गेला, तर शेतकऱ्याचा पाय मोंढ्याकडे वळणारच. त्यास केवळ बेइमान म्हणून भागत नाहीं. उलट बाजार पडला तर दुकानाचे हात आंखडतात. ह्यावर किमान भाव व बाजारभावाची सांगड हा उपाय आहे. समजा, तुरीचा किमान भाव क्विंटलला ७,००० रुपये आणि चाळलेल्या मालास बाजारभावावर २०० रुपये वाढ असें ठरलें. माल घालण्याच्या दिवशीं बाजार समितीचा सर्वसाधारण भाव ६,५०० असला तर हिशेबानें ६,७०० होतात, पण शेतकऱ्यास किमान म्हणून ७,००० मिळतील. भाव ८,००० असला तर ८,२०० मिळतील. दुकानास मात्र डाळीची छापील किंमत रोज फिरवितां येत नाहीं. म्हणून बऱ्या दिवसांत क्विंटलमागें शंभर रुपये निराळ्या निधींत टाकावे आणि वाईट दिवसांत त्यांतून फरक भागवावा. हे आंकडे केवळ रीत समजण्यापुरते आहेत.

नाकारलेला माल. नाकारण्याचें कारण व छायाचित्र त्याच दिवशीं कळवावें आणि शेतकऱ्यास येऊन पाहण्यास एक दिवसाची मुदत द्यावी. फेरफाराची नोंद प्रमाणित करण्यापूर्वीं तलाठी नोटीस देतो व हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. ज्याच्या हक्कास बाध येतो त्याचें म्हणणें आधीं ऐकावें हें त्यामागील तत्त्व आहे. धान्यास पंधरा दिवस देतां येणार नाहींत, परंतु तत्त्व तेंच पाळावें. परतीच्या गाडीचें भाडें कोणीं भरावें हेंही लिहून ठेवावें.

पैशाची तारीख

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाजार समितींत विकलेल्या मालाचा पैसा त्याच दिवशीं द्यावा असा नियम आहे. ऑनलाइन दुकान क्विंटलमागें शंभर-दोनशे अधिक देतें हें खरें, परंतु ज्या शेतकऱ्यास सोसायटीचा हप्ता भरावयाचा आहे, त्यास दोन महिन्यांनीं मिळणारे जादा दोनशे रुपये महागच पडतात. ह्यासाठीं दुकानानें आपल्या भांडवलाचा हिशेब मालाच्या आधीं करावा.

समजा, दुकानानें ४० क्विंटल तूर ७,५०० रुपयांनीं एकदम घेतली व पंधरा दिवसांत पैसे देण्याचें कबूल केलें. देणें झालें तीन लाख. डाळ मात्र किलो-किलोनें अडीच महिन्यांत खपणार आणि मोठ्या बाजारमंचावरून विकल्यास त्यांचा हिशेब येण्यास आणखी दिवस लागणार. पंधराव्या दिवशीं पेटींत तीन लाख नसतील. तेव्हां एक तर बँकेकडून खेळत्या भांडवलाची सोय आधीं करावी, नाहीं तर दर पंधरवड्यास ८ क्विंटल ह्याप्रमाणें पांच वेळां माल घ्यावा. म्हणजे एका वेळचें देणें ६०,००० रुपयेच होतें. मधल्या काळांत शेतकऱ्यास नड असेल तर राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. ती १९९० सालापासून बाजार समित्यांमार्फत चालते आणि तुरीसारख्या मालावर त्याच्या किंमतीच्या पाऊणपट रकमेपर्यंत कर्ज मिळतें. दुकानाच्या चालकांनीं ह्या योजनेची माहिती स्वतः करून घेऊन शेतकऱ्यास सांगितली, तर तो उपकार तो विसरणार नाहीं.

लवकरची तारीख कबूल करून मोडण्यापेक्षां उशिराची कबूल करून पाळावी. तारीख चुकणारच असें दिसलें तर आदल्या दिवशीं चालकानें स्वतः कळवावें. शेतकऱ्यास चौकशीसाठीं खेपा घालावयास लावूं नये. नोंदलेल्या लहान उद्योगांसाठीं, उदाहरणार्थ पापडाच्या गटासाठीं, २००६ च्या कायद्यानें लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसल्यास १५ दिवस अशी मर्यादा घातली आहे. केवळ शेती करणाऱ्यास त्या कायद्याचा आश्रय नाहीं. म्हणूनच त्याच्या करारांत तारीख लिहिणें अधिक अगत्याचें आहे.

संबंध टिकविणें

जितका माल खपतो त्यापेक्षां फार अधिक शेतकरी नोंदूं नयेत. दोनशे नांवें घालून चाळीसांचाच माल घेतला, तर एकशें साठ घरें नाराज होतात. नोंद अधिक असलीच तर प्रत्येकाच्या हिश्शाचें प्रमाण लागवडीपूर्वींच जाहीर करावें. उलट, सारी हळद एकाच शेतकऱ्याकडून घेणेंही धोक्याचें. गारपीट झाली तर दुकान रिकामें.

संचालकांच्या व त्यांच्या भाऊबंदांच्या मालास इतरांचेच नियम लावावे, किंबहुना तपासणी त्यांच्या मालापासून सुरू करावी. गांवांत ह्या एका गोष्टीकडे साऱ्यांचे डोळे असतात.

कबूल केलेला माल कोणीं बाहेर विकला, तर प्रथम कारण विचारावें. घरांत दुखणें निघालें असेल, रोख पैशाची नड असेल, किंवा आपल्याच भावाच्या कलमांत खोट असेल. योग्य कारण नसेल तर पुढल्या हंगामांत हिस्सा कमी करावा, आणि पुन्हा तसेंच झालें तर नांव कमी करावें. शेजाऱ्यावर दावे लावून दुकान चालत नाहीं. वर्षांतून दोन सभा घ्याव्या: एक पेरणीपूर्वीं, कोणता माल किती लागेल हें सांगण्यास, दुसरी हिशेबानंतर, किती तक्रारी आल्या व कोणत्या पोत्यांतून आल्या हें दाखविण्यास. गिऱ्हाइकानें केलेली स्तुतीही तेथें वाचून दाखवावी. आपली डाळ ठाण्याच्या कोणा घरीं आवडली हें ऐकून शेतकऱ्यास जो संतोष होतो तो भावांत मोजतां येत नाहीं.

माल घालणाऱ्या बंधूंनीं सही करण्यापूर्वीं पांच प्रश्न विचारावे. प्रत कोण ठरविणार व माझ्यासमोर ठरविणार कीं नाहीं? नाकारलेला माल कोणाच्या खर्चानें परत येईल? पैशाची तारीख कोणती व ती चुकल्यास काय? गिऱ्हाइकानें परत पाठविलेल्या मालाची रक्कम माझ्या हिशेबांतून कापणार काय? आणि माझ्या नांवाची नोंद मला केव्हांही पाहतां येईल काय? ज्या दुकानास हे प्रश्न टोंचतात त्यास माल घालण्याची घाई करूं नये.

ज्या संस्थांस येत्या खरिपापासून आरंभ करावयाचा असेल त्यांनीं दहाच शेतकरी व एकच पीक घ्यावें. एक जाड वही, ओल मोजण्याचें एक यंत्र, एका पानाचा करार आणि पहिल्या दोन हप्त्यांपुरता बँकेंत पैसा, एवढी तयारी पुरे. मोबाइलवरील दुकान उघडण्यास एक दिवस लागतो; त्याच्या मागील हें काम पेरणीच्या आधीं हातीं घ्यावें लागतें. सबब ज्यांचा विचार पक्का झाला असेल त्यांनीं मृगापूर्वींच पहिली सभा बोलवावी.